वाट पाहणारे ठिपके

सलाइनच्या स्टँडचा पहिला घाव रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीच्या काचेवर बसला, दुसरा वहिनीच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज तिच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसलेल्या नणंदेला स्पष्ट ऐकू आला.

"पोरीचा हात लोंबतोय माझ्या!" स्टँड उगारलेला माणूस फुटक्या खिडकीतून आत घुसत ओरडला. काचेच्या दातांवर त्याचं पोट सोललं जात होतं. "मागून आलेले आत गेले! आम्ही काय घोडं मारलंय तुमचं?"

"गणितबाई, मागे हो!" वहिनी किंचाळली. हे एरवी चिडवायचं नाव; आत्ता तिला दुसरं सुचलं नसावं.

तिसरा घाव वहिनीच्या डोक्यावर येत होता. नणंदेने खुर्ची उचलून मध्ये घातली. स्टँड खुर्चीवर आदळला आणि तिच्या तळहातांची कातडी निघाली. तेवढ्यात दोन वॉर्डबॉय धावत आले. त्यांनी त्याला पाय धरून काचांवरून मागे ओढलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली.

"अरे, मरेल तो!" मनगट छातीशी धरून वहिनीच ओरडली, तेव्हा कुठे लाथा थांबल्या.

नणंद त्याच्यासमोर उभी राहिली. "एवढा वेळ बसलात कशाला? कंटाळलात तर निघून जायचं ना!"

त्याने रक्ताची गुळणी थुंकली.

"कुठे?"

बाकावर त्याची मुलगी हात मांडीवर घेऊन बसली होती, बापाकडे बघत. रडून रडून तिचा आवाजच बसला होता.

रुग्णांना कोणत्या क्रमाने आत घ्यायचं, हे आता नणंदेचा प्रोग्राम ठरवत असे. प्रत्येक रुग्णाचा एक ठिपका करून तो रुग्णालयाचा अख्खा दिवस कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा घडवून बघायचा आणि सरासरी ताटकळणं सर्वांत कमी करणारा क्रम निवडायचा. फार वेळ बसलेला माणूस कंटाळून निघून जातो, असं तिनेच त्यात लिहिलं होतं. गेलेला माणूस सरासरीत धरला जात नसे. प्रोग्रामने ते बरोबर हेरलं होतं: प्लास्टरला जास्त वेळ खाणाऱ्या मोडलेल्या हातापायांना ते कंटाळून जातील एवढं तो मागे, आणखी मागे ढकलत राहिला. पडद्यावरची सरासरी झपाट्याने उतरली. रुग्णालयाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

"बघत काय राहिलीस?" वहिनी कण्हत म्हणाली. "पोरीला आत ने आधी."

"आणि तू?"

"मी कुठे जातेय?"

लॅपटॉप काचांच्या खचात उघडाच होता, चालू. पडद्यावर बाकावरचा एक ठिपका वाट पाहून लाल झाला, मग राखाडी, आणि शांतपणे दाराकडे निघाला. तिने सोललेलं बोट त्याच्यावर दाबून धरलं.

रक्ताच्या डागाखालून सरकत तो दाराबाहेर गेला. कोपऱ्यातली सरासरी किंचित खाली आली.