नुसतं कपाट

धाकटीने 'कपाट' एवढा एकच शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं: चाचणी फोल्डरमधल्या बारा फाइली पुसल्या.

तिच्या पाठीशी तिघं उभी होती. साहेब, स्कॅन काढणारा फोटोवाला आणि तिची सख्खी थोरली बहीण. अख्खं स्कॅन केंद्र तिला ताईच म्हणायचं.

"म्हणजे काय करायचं ते सांगितलंच नाही, तर हे पुसून मोकळं होतं," साहेब म्हणाले. "वा."

"मी नेहमीसारखंच लिहायला घेतलं होतं साहेब," फोटोवाला म्हणाला. "पुढचा शब्द लिहायच्या आत हात पडला एंटरवर. मागे पेशंट बोंबलत होता, मी तरी किती ठिकाणी बघू?"

हात पडला होता गुरुवारी, आणि केंद्रातले सगळे स्कॅन पुसले गेले होते. जुने स्कॅन दुसऱ्या प्रतीतून परत मिळाले, शेवटच्या नऊ दिवसांचे मिळाले नाहीत. दोनशेच्या वर माणसं. त्यातल्या एका बाईचं ऑपरेशन सोमवारी होतं; ते पुढे ढकललं आणि तिला पुन्हा स्कॅनच्या नळकांड्यात झोपायला बोलावलं.

कपाट हा स्कॅन सांभाळणारा प्रोग्राम धाकटीनेच लिहिलेला. आधी त्याचं नाव लिहायचं, मग काम सांगायचं: ठेव, काढ किंवा पूस. काम सांगायचं राहिलं, तर कोणतं काम करायचं हेच प्रोग्रामच्या हाती नसायचं. तो नसलेली वस्तू मागायला जायचा आणि तोंडावर आपटायचा. पडद्यावर चार ओळींची लाल बोंब. दिसायला घाण, पण त्या बोंबेने कधी कुणाचं काही पुसलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी ताई शेजारी येऊन बसली होती. "किती ओरडतंय गं हे. सरक, मी बघते." पाच मिनिटांत ओरडणं बंद झालं होतं. काय केलं ते धाकटीने पाहिलं नव्हतं. ताईच्या हातावर ती काय संशय घेणार? अक्षरं गिरवायला त्याच हाताने शिकवलं होतं.

"बदल तुझ्या नावावर आहे," साहेब म्हणाले. "काम दिलं नसेल तर पूस, असं स्पष्ट लिहिलंय."

या केंद्रात नवख्याच्या शेजारी पहिले सहा महिने जुनं माणूस बसवायची पद्धत होती. कीबोर्ड कुणाच्याही हातात असो, नोंद व्हायची ती ज्याचं मशीन त्याच्या नावाने. धाकटीचे सहा महिने या महिनाअखेरीला संपत होते. ठेवायचं की घालवायचं, ते तेव्हा ठरणार होतं.

ती ताईकडे बघत राहिली. आता बोलेल, मग बोलेल.

"मी हिला बजावलं होतं, नुसतं नाव टाकलं तर काय होईल ते बघ म्हणून," ताई म्हणाली. "ही असं करून ठेवेल, मला काय ठाऊक."

साहेब म्हणाले, "तीनच्या आत दुरुस्त कर. ताई तपासतील. आणि चूक कशी झाली ते लेखी दे."

जिन्यात धाकटीने ताईला गाठलं.

"ती ओळ तू घातलीस."

"हळू बोल."

"का घातलीस?"

"चाचणीचा कचरा दिवसातून वीसदा पुसायला लागतो मला. पुढचा शब्द लिहायचा तरी वाचेल म्हटलं. फोटोवाला असा धडपडेल हे कुणाच्या स्वप्नात होतं?"

"मग हेच सांग वर जाऊन."

ताईने तिच्या खांद्यावरचं नसलेलं काहीतरी झटकलं. "हे बघ, तू नवीन आहेस. तुझं पोटात घालतील, फार तर बोलणी बसतील. मला बारा वर्षं झाली इथे. माझं कोण पोटात घालणार?"

"महिनाअखेरीला मला काढलं तर?"

"नाही काढणार. मी आहे ना."

हे शेवटचं वाक्य ताईने अगदी मायेने म्हटलं. आजवर मार खाताना, शाळा बदलताना, आई गेली तेव्हा, याच तीन शब्दांवर धाकटी निभावली होती.

तिने दुरुस्ती केली. आता नुसतं नाव टाकलं की कपाट काहीच करणार नव्हतं, उलट विचारणार होतं. लेखी खुलाशाचा कागद कोराच राहिला.

तीन वाजता ताई साहेबांसमोर मशीनवर बसली. शेजारी धाकटी, मागे फोटोवाला.

"आधी चाचणीचं फोल्डर रिकामं करून घेते," ताई म्हणाली. तोंडाने ती साहेबांशीच बोलत होती. "पोरगी हुशार आहे हो. जरा घाई करते. माझ्या हाताखाली राहिली की येईल वळणावर. मी आहे ना."

बोलता बोलता तिच्या बोटांनी 'कपाट' लिहिलं आणि उजवी करंगळी एंटरकडे निघाली. धाकटीला ती निघालेली दिसली. 'ताई, थांब' म्हणायला पुरेल एवढा वेळ होता. तिने ओठ दातांखाली धरले.

पडद्यावर आलं: कोणतं काम? ठेव, काढ की पूस?

ताईचं लक्ष अजून बोलण्यातच होतं. तिने तिरक्या नजरेने फोल्डर पाहिलं. भरलेलंच. पुन्हा नुसतं 'कपाट', पुन्हा एंटर. पुन्हा तोच प्रश्न.

"हे आज पुसत का नाहीये?" ती वैतागून म्हणाली.

मागे फोटोवाला खाकरला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"रोज पुसायचं का, ताई?"

ताईची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मान मात्र हळूहळू वळली, साहेबांकडे नाही, बहिणीकडे.

"तुला दिसत होतं," ती म्हणाली. "सांगायचं नाही का गं?"