मी गार्गांता, घशाचं नाव

मी गार्गांता बोलतोय. स्पेनमध्ये घशाला माझ्या नावाने ओळखतात. मी एक शब्द आहे आणि खरं सांगू, फार थकलोय. घसा ठणठणीत असला की माझी आठवण कुणालाच नसते. थंडी पडली की मात्र दवाखान्यात, बाजारात, चर्चच्या पायरीवर जो तो माझंच रडगाणं गातो.

एलेउतेरिओच्या घरी तर माझे हालच झाले; उठताबसता माझंच नाव. हा गावचा दवंडीवाला. पितळी तुतारी फुंकायची आणि मासळीची गाडी आल्याची खबर गल्लीगल्लीत द्यायची, हे त्याचं काम. मागच्या वर्षी त्याच्या घशातली गाठ काढली. "आवाज येईल. पण रोज मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. त्याने दोन्ही टाळलं. फाटका आवाज निघाला तर गाव हसेल, ही धास्ती.

फेब्रुवारीत सान ब्लासचा सण आला. हा संत घशाचा राखणदार. बायको बेनिग्नाने चर्चमधून आशीर्वादाची रेशमी फीत आणून नवऱ्याच्या गळ्यात बांधली. ती पुढे राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवशी, जाळतात; म्हणजे दुखणंही जळतं.

"जन्मभर आमची झोप मोडलीस आणि आता घुम्यासारखा बसतोस होय रे!" शेजारीण कासिल्दा दारातून म्हणाली. तो हसलासुद्धा नाही.

राखेचा बुधवार उजाडला. बेनिग्ना कात्री घेऊन आली, तर त्याने फीत मुठीत आवळली. फीत जळूनही आवाज आला नाही तर मग आशा कशाची धरायची?

"सोडा हो! नाही सोडत? मग तोंडाने नको म्हणा! किती दिवस भिंतींशी बोलू मी? एकदा नको म्हणा, नाही जाळत!" आणि ती रडायलाच लागली.

ती रोज भरून ठेवायची तो मिठाच्या पाण्याचा पेला त्याने उचलला. मान मागे टाकली. गर्र... गर्र... गर्र...

मी दचकलो. अहो, हाच माझा जन्म! लिहिणं-वाचणं नव्हतं तेव्हा कुणीतरी असंच पाणी घशात घोळवलं असेल. त्या आवाजावरूनच लोकांनी घशाचं नाव पाडलं. तुमच्याकडचा गुरगुर हा शब्द जसा आवाजावरून झाला, तसाच मी.

त्याने पाणी थुंकलं आणि खरखरत म्हणाला, "बेनिग्ना, मीठ फार झालंय गं."

"होऊ दे मेलं!" ती रडता रडता हसली. त्याने आपणहून मान पुढे केली आणि तिने फीत कापून चुलीत टाकली.

आता त्या घरात माझं नाव निघत नाही. दोघं मिठावरून भांडत असतात. मला एवढंच हवं होतं. तुमचाही घसा बरा असेल, तर बोला भरपूर, भांडा हवं तर. मी जरा पडतो.