ग्रीसच्या राण्या आणि चांगुणा

चौसष्ट सालची दिवाळी चार दिवसांवर आली आणि शालूनं बहिणीला पाठवलेलं पोस्टकार्ड परत आलं. पत्त्यावर आडवी रेघ, खाली शाईनं लिहिलेलं : ‘या नावाचे येथे कोणी नाही.’

आणि अक्षर? अक्षर चांगुणाचंच! चुलीपुढच्या राखेत बोट धरून शालूनंच तिला लिहायला शिकवलं होतं. मी इथं नाही, असं थोरल्या बहिणीनं आपल्याच हातानं लिहून पाठवावं? शालूच्या अंगाची लाही लाही झाली.

“बाबा, चांगुणाले आणाले मीबी येते,” ती म्हणाली.

“तू घरीच राह्य,” शेषराव म्हणाले. “तुह्या तोंडाले कुलूप नाही.”

पण गावाहून, धाडहून, एस.टी. सुटली तेव्हा शालू खिडकीत बसलेलीच होती.

राग तसा उन्हाळ्यापासूनचा. चांगुणाचं लग्न साखरखेर्ड्याला झालं. नवऱ्यानं, इंद्रभाननं, तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘सत्यभामा’ असं लिहिलं आणि सतरा वर्षांची चांगुणा तिथंच संपली. पेढे वाटले गेले. कोणाला काही वाटलं नाही!

मग सप्टेंबरात ग्रीसच्या राजाचं लग्न झालं. वर्तमानपत्रात अठरा वर्षांच्या नवरीचा फोटो आला. सरांनी शाळेच्या कपाटातला जाडजूड ग्रंथ शालूच्या हाती दिला आणि त्या देशाच्या राण्यांवर निबंध लिहायला सांगितलं. वाचते तर काय, साऱ्या राण्या परमुलखातून आणलेल्या सुना! तिनं निबंध साऱ्या शाळेपुढं वाचला, टाळ्या पडल्या आणि पोरीच्या अंगात वारं शिरलं. त्याच दिवशी तिनं चांगुणाच्या नावानं कार्ड लिहिलं. काय लिहिलं, ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

साखरखेर्ड्याला ओसरीवर चांगुणाची सासू, तानुबाई, शेंगा फोडत बसली होती. तिनं शेषरावांना पाणी दिलं, पण शालूकडं पाहिलंही नाही.

“पोरीले दिवाळसणाले न्याले आलो,” शेषराव म्हणाले.

“काऊन? तुमीच तं दार लावून घेतलं नं?”

“कोणतं दार?”

“हे इचारा तुमच्या शिकेल पोट्टीले!”

शेषरावांनी वळून पाहिलं. शालूनं पिशवीतून कार्ड काढलं आणि हनुवटी वर करून म्हणाली, “मी खरंच लिवलं, शाळेत टाळ्या पडल्या त्याले! अमालिया राणीनं पंचवीस वर्षं सासरी राहून आपला धर्म सोडला नाही. सोफिया राणीनं बदलला, तं तिच्या बादशहा भावानं तिले माहेरच्या मुलखात येऊ दिलं नाही. तुनं नाव बदललं, आता मीबी दार लावून घेईन. एवढंच लिवलं!”

“एवढंच?” तानुबाई कडाडली. “पोस्टमननं इथं बसून वाचलं, चार बायांच्या देखत! मी म्हटलं, सूनबाई, चांगुणा कोणी हाय का इथं? नाही नं? मंग लिव तसं अन् धाड वापस. घरात लिवता तिलेच येते!”

आतल्या दारात चांगुणा उभी होती. हात पिठाचे. पाच महिन्यांत गाल बसले होते.

“तुनं लिवलं कसं?” शालू तिच्यावर ओरडली.

“कार्ड उघडं असते, हे तुले नाही समजलं?” चांगुणाही तेवढ्याच रागानं म्हणाली. “टाळ्या तुले, अन् बोलणे मले! महिना झाला, रोज राणीसाहेब म्हणून टोमणे खाऊन राह्यली मी.”



तानुबाईनं सूप बाजूला ठेवलं. “पाठवते मी. पण या पोट्टीनं तिच्या नावानं हाक माराची. आमच्या घरातल्या नावानं. मोठ्यानं.”

“नाही मारत!”

“मंग बसा. च्या घ्या अन् जा.”

शेषराव मान खाली घालून बसले. त्यांचाही शालूला राग आला. मग तिनं चांगुणाकडं पाहिलं. चांगुणा विनवत नव्हती, रडत नव्हती. नुसती पाहत होती, पदराला हात पुसत, जणू गाठोडं बांधायचं की भाकरी थापायची एवढंच तिला कळायला हवं होतं.

“सत्यभामा!” शालू किंचाळली. शेजारच्या बाया दारात आल्या. “सत्यभामाबाई, चला!”

“आली,” चांगुणा म्हणाली आणि आत पळाली.

तिघं स्टँडवर आली. एस.टी. हलली, गाव मागं पडलं, शेषराव पुढच्या सीटवर पेंगू लागले.

“हं,” चांगुणा हळूच म्हणाली. “आता म्हण.”

“चांगुणे! गधडे! ते लिवतानी तुहा हात काऊन नाही मोडला?”

“मोडला असता तं तानुबाईच्या भाकरी कोणी थापल्या असत्या? तू?”

शालूनं तिचा पिठाळ हात हिसकून घेतला आणि धाड येईपर्यंत रागारागानं घट्ट दाबून धरला.