पानाची पाठ

भाच्याने वाळवलेली रोपं चिकटवलेले बारा कागद टेबलावर ठेवले, पण मावशीचं लक्ष आधी गेलं ते त्याच्या पायातल्या नव्याकोऱ्या बुटांकडे.

मावशी वनस्पती-संग्रहालयाची प्रमुख, भाचा सरकारी पाहणीदार. प्रश्न गावाबाहेरच्या टेकडीचा होता. थोरली निळाई कुठेही उगवते, अगदी गटाराच्या कडेलासुद्धा. धाकटी निळाई बाकी सगळीकडून नामशेष झालेली, त्या एका टेकडीवर तेवढी उरलेली. तिचं नाव अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत होतं, म्हणून तर दगडखाणवाल्यांना तीस वर्षं तिथे पाय ठेवता आला नव्हता. फुलं दोघींची सारखीच. फक्त धाकटीच्या पानांच्या पाठीवर पांढरी लव असते.

आता भाचा म्हणत होता, टेकडीवर धाकटी नाहीच. सगळी थोरलीच.

"खाणवाल्यांनी काय दिलं तुला?" आडपडदा मावशीला कधी जमलाच नव्हता.

"अगं, काय बोलतेस मावशी! तपासून बघ की."

तिने तपासलं. वाळवलेलं रोप कागदावर चिकटवताना एक तरी पान उलटं लावायचं, म्हणजे पाठ दिसते, हा या कामातला पहिला धडा. इथे बारा कागदांत एकही पान उलटं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, तिची खात्रीच पटली. सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि हे धंदे!

ओल्या कापसाने गोंद भिजवून तिने एक पान सोडवलं. पाठ गुळगुळीत. दुसरं, तिसरं, तेच. पोरगा खरं बोलत होता. तरी तिचा जीव काही खाली पडेना.

"मग एखादं पान उलटं लावायला काय झालं होतं?"

"तुझ्याच जुन्या कागदाचा फोटो समोर ठेवून लावलीत सगळी. त्यावर तरी कुठे आहे?"

तिने कपाटातून स्वतःचा तीस वर्षांपूर्वीचा कागद काढला. 'धाकटी निळाई, टेकडी.' खाली तिची सही. या एका कागदावर टेकडी वाचली होती. पानं सगळी सुलटी. चिकटवण्याआधी आपण पाठ बघितली होती का? काही केल्या आठवेना. तिने ओला कापूस गोंदावर दाबून धरला. पान सुटलं.

लव नव्हती.

"मावशी," भाचा हळूच म्हणाला, "या कागदावरच तुला ही खुर्ची मिळाली ना?"

तिने मान वर केली. सकाळपासून ती त्याच्या बुटांकडे जशी बघत होती, तसाच तो तिच्या खुर्चीकडे बघत होता.