दोन नव्व्या

त्या काळी अमेरिकेतल्या रीनो शहरात बायकांची पोकरची स्पर्धा बुधवारी सकाळी असे. घरची कामं उरकून पंचवीस-तीस जणी जमायच्या. कॉफी फुकट मिळे आणि तशीच लागे. व्हर्ना आणि इमोजीन ती कॉफी सोळा वर्षं शेजारी बसून प्यायल्या होत्या.

इमोजीनचे डोळे गेल्या दोन वर्षांत फार अधू झाले होते. प्रत्येकीला दोन पानं झाकून मिळत, मग टेबलावर पाच सगळ्यांसाठी उघडत. हातातली दोन ती पार नाकाशी नेऊन बघे, मग शेजारणीलाही ती सहज दिसत. त्यावर बायकांनी न ठरवताच एक रीत पाडली होती. इमोजीन पानं उचलू लागली, की शेजारच्या दोघी मान फिरवत. त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही आणि ती रीत कुणी कधी मोडली नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी शेवटी चौघी उरल्या. जिंकणारीला लास व्हेगसच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. साठीला टेकलेल्या व्हर्नाला ती जागा फार हवी होती.

तिच्या हाती दोन नव्व्या आल्या. धड मोठी जोडी नाही, धड लहान नाही. पैशांच्या जागी लावायच्या चकत्या थोड्या उरल्या असताना अशी जोडी आली, की व्हर्ना सगळ्याच्या सगळ्या पुढे ढकलायची. थोडीशी बोली लावायची आणि मग टेबलावर राजा-राणी उघडले की घाबरून बसायचं, हे तिला जमत नसे. सगळ्यांना ते पाठ होतं.

बोलीची पाळी तिची होती. तिने चकत्यांच्या चळतीवर हात ठेवला. डावीकडे इमोजीनने पानं उचलली.

व्हर्नाने मान फिरवली नाही.

बदामाची सत्ती, चौकटची सत्ती.

सगळ्या ढकलल्या तर जपून खेळणारी इमोजीन सत्त्या टाकून देईल. थोड्याच लावल्या तर तिला वाटेल, आज हिच्याकडे जोडी नाही, आणि तीच सगळ्या ढकलेल. व्हर्नाने चळतीवरून हात काढला आणि मोजक्या चकत्या पुढे सरकवल्या.

"माझ्या सगळ्या," इमोजीन म्हणाली.

बाकीच्या दोघींनी पानं टाकली. व्हर्नाने कपाळाला आठ्या घालून विचारात पडल्याचं सोंग केलं, मग तिच्याइतक्याच चकत्या लावल्या. टेबलावर पाच पानं उघडली, त्यात सत्ती नव्हती, नव्व्याच मोठ्या ठरल्या. इमोजीन खेळातून गेली.

"काय गं व्हर्ना, जोडी असून एवढीशीच बोली?" समोरची डोरीन म्हणाली. "म्हातारी झालीस की काय?"

"बदल म्हणून," व्हर्ना म्हणाली.

त्यानंतर तिला पानं नीट दिसेनात. दहा मिनिटांत तीही हरली. जागा डोरीनला मिळाली.

इमोजीनला घरी सोडायचं काम व्हर्नाचंच असे. गाडीत इमोजीनने पर्स मांडीवर घेतली.

"पुढच्या बुधवारी मला घ्यायला येऊ नकोस," ती म्हणाली.

"का गं?"

"डोळे गेले त्याचं काही नाही. समोरचं माणूस ओळखता येत होतं, त्यावर खेळत होते. आज तेही जमलं नाही. सोळा वर्षांनंतरही तू काय करशील ते मला कळेना, तर पानं हातात धरू कशाला?"

गप्प राहिलं असतं तर कुणाला कधी काही कळलं नसतं. व्हर्नाने दोन चौक तसेच पार केले.

"मी बघितलं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या सत्त्या. म्हणून थोड्या लावल्या."

इमोजीनने पर्सची कडी उघडली, पुन्हा लावली.

"तू थोड्या लावल्यास ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं. एक तर हिच्याकडे जोडी नाही, नाही तर हिने माझी पानं बघितली. दुसरं मी लगेच झटकून टाकलं. म्हटलं, व्हर्ना नाही बघायची." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे मला कळतं अजून."

"इमोजीन, अगं..."

"इथंच थांबव. चालत जाईन."

"दिसेल का तुला?"

"पायाखालचं दिसतं."

पुढच्या बुधवारी इमोजीन खेळायला आली, पण डोरीनच्या गाडीतून. टेबलाशी बसल्या बसल्या डोरीनने व्हर्नाला विचारलं, "आज काय बाई, ढकलणार की मोजून लावणार?" सगळ्या हसल्या. इमोजीनने कुणाला काही सांगितलेलं नाही, हे व्हर्नाला तेव्हा समजलं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.