भुवईचा तिसरा केस

मित्रांनो, माझा एक डोळा अधू आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला जुना मायक्रोस्कोप. वीस वर्षे रक्त, लघवी, कातडीची खरवड, काय काय पाहिले! मग मोठी यंत्रे आली आणि माझी रवानगी खिडकीजवळच्या कोपऱ्यात झाली. लोक माझ्यावर खुशाल एप्रन टाकू लागले. तपासणाऱ्या बाई तेवढ्या दर शनिवारी मला पुसत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एके दिवशी दोन महिन्यांची एक मुलगी आली. जन्मापासून अंग लालभडक, कातडीचे पापुद्रे सुटलेले, वजन वाढायचे नाव नाही. साधा इसब समजून घरचे तिला कडक मलम फासत होते. त्वचेच्या डॉक्टरांना मात्र वेगळीच शंका होती. हा आईवडिलांकडून आलेला, प्रतिकारशक्तीही बिघडवणारा आजार असेल, तर मलमातले औषध कातडीतून थेट रक्तात उतरेल आणि पोर हातची जाईल. जनुकांचा अहवाल यायला महिना लागणार होता. केस मात्र लगेच पाहता येतो. या आजारात त्याला बांबूसारखी पेरे पडतात.

मोठ्या यंत्रांत केस पाहायची सोय नव्हती, म्हणून बाईंनी तिच्या डोक्याचे दोन केस माझ्याखाली ठेवले. दोन्ही सरळ, गुळगुळीत. त्यांनी 'नॉर्मल' लिहून टाकले.

कागद न्यायला आलेली मुलीची आई दारातच घुटमळली.

"मॅडम, हसू नका हं. हिच्या भुवया नुसता हात लागला तरी तुटतात."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

बाईंनी कागद परत घेतला. "खरंय. घाई झाली माझी. आणा बाळाला."

भुवईचा पहिला केस सरळ. दुसराही सरळ. तिसऱ्यावर मात्र स्पष्ट पेर होते! बाई डॉक्टरांना बोलवायला अक्षरशः धावल्या. मलम त्याच दिवशी बंद झाले. महिन्याने अहवालही तेच म्हणाला.

आजार गेलेला नाही, पण मुलगी आता चांगली गुबगुबीत झाली आहे. परवा तिने माझ्या भिंगावर चिकट हात ठेवला आणि मला धन्य वाटले.

हल्ली बाई कोणताही नमुना घेण्याआधी विचारतात, "आणखी काही सांगायचंय?" मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. माझ्यासारख्यांना पुसून जपा, हे तर आहेच. पण कुणी समोर आणून ठेवल्याशिवाय मला काहीच दिसत नाही, आणि त्या दिवशी ते एका आईने आणून ठेवले.