लाळेऱ्यावरचा नंबर

माझी मुलगी शाल्मली नऊ महिन्यांची आहे. ती अजून रांगत नाही, पण गेल्या रविवारी तिने एकवीस किलोमीटर दोन तास चार मिनिटांत पूर्ण केले. हे मला मोगलकाकूंनी भाजीच्या गाडीपाशी सांगितलं.

"शेवटच्या चढाला काय सुटली गं तुझी पोरगी! आम्ही सगळे मागे."

काकू आमच्याच गल्लीतल्या, साठीच्या. निफाडच्या थंडीत कानटोपी घालून पहाटे ग्रुपबरोबर कालव्याच्या रस्त्याने पळतात. मी हसले. घरी येऊन शाल्मलीचे पायमोजे काढले. दोन्ही अंगठ्यांपाशी भोकं होती. तळव्यांना काळी माती लागली होती.

संकेत आरशासमोर दाढी करत होता.

"शाल्मली पहाटे कुठे जाते?"

"ग्रुपबरोबर," माझा नवरा म्हणाला. "असं काय करतेस? फॉर्म तर तूच भरलास."

फॉर्म मीच भरला होता, ते खरं. नोव्हेंबरात गल्लीच्या व्हॉट्सॲपवर लिंक आली होती: बिब, नावासहित. तिला दात येत होते, दिवसाला सहा लाळेरी भिजायची, म्हणून मी तिचं नाव टाकलं. पुढे रक्तगट विचारला होता. लाळेऱ्याला रक्तगट कशाला, असं वाटलं. पण हल्ली सगळे सगळंच विचारतात. पार्सलमधून एकच लाळेरं आलं. त्यावर ११४७ हा नंबर होता आणि सोबत चार सेफ्टी पिना. मला ते डिझाइन वाटलं. पळणाऱ्यांच्या छातीवरच्या नंबरालाही लाळेऱ्यासारखंच बिब म्हणतात, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या रात्री मी ओढणीचं एक टोक माझ्या मनगटाला आणि दुसरं तिच्या पायाला बांधून झोपले. पहाटे गाठ तशीच होती. पलीकडच्या टोकाला काकूंची कानटोपी बांधलेली होती.

मी तशीच चपला घालून कालव्यावर गेले. बागायतदारांनी द्राक्षं गारठू नयेत म्हणून शेकोट्या पेटवल्या होत्या. धूर कुठला आणि धुकं कुठलं, कळत नव्हतं. ग्रुप गोल करून पाय ताणत होता. मी जवळ गेले तसं बोलणं थांबलं. कुणीतरी मला खजूर दिला.

"माझी मुलगी कुठाय?"

"पुढे गेली," बोरस्ते सर म्हणाले. ते ग्रुपचे कोच, एरवी शाळेत पीटी शिकवतात.

"सर, तिला अजून रांगता येत नाही."

"रांगणं वेगळं, मॅडम. त्याचा पळण्याशी काही संबंध नाही."

काकूंनी मला बाजूला घेतलं. जो तिच्यासोबत शेवटपर्यंत पोचतो तो तिला घरी घेऊन जातो, असं ग्रुपमध्ये आहे. आजवर काकू पोचत होत्या आणि मी उठायच्या आत तिला पाळण्यात ठेवून जात होत्या.

"पण जानेवारीच्या शेवटी बेचाळीस किलोमीटरची शर्यत आहे. ते माझ्याच्याने व्हायचं नाही बाई. माझा पोरगा अजित असाच गेला दुबईला. बत्तिसाव्या किलोमीटरला मला दम लागला."

"मग त्याला कोण घेऊन गेलं?"

"होतं कुणीतरी पुढे," काकू म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्या. नाडी बांधलेलीच होती.

मी दुसऱ्याच दिवशी ग्रुपमध्ये नाव घातलं. आधी तीन किलोमीटर, मग सात, मग चौदा. शाल्मली कायम पुढच्या वळणाच्या पलीकडे असायची. धुळीत तिच्या पावलांचे ठसे दिसायचे, माझ्या दोन बोटांएवढे. दिवसा ती उशीला टेकून बसायची आणि उशी काढली की कलंडायची. मी तिला मऊ भात भरवताना तिच्याकडे बघत राहायचे. तीही माझ्याकडे बघायची. पिंढऱ्या दुखत असतील का, म्हणून दाबून बघितल्या. दगडासारख्या होत्या.

"तुम्ही छान सुधारताय," सर म्हणायचे. ग्रुप टाळ्या वाजवायचा. इतक्या कशासाठी, ते मला कळायचं नाही.

शर्यतीच्या पहाटे पारा चारवर होता. सरांनी मला नियम सांगितला.

"वाटेत उचलायचं नाही. उचललंत की ती आहे तेवढीच राहते, कायमची."

"मग उचलायचं कधी?"

"शेवटची रेषा ओलांडली की. जो आधी उचलेल, त्याच्या घरी."

जो म्हणजे कोण, असं मी विचारणार होते, तेवढ्यात शिट्टी वाजली.

बत्तिसाव्या किलोमीटरला काकू कालव्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. "थांबू नको, ए! जा!" त्या ओरडल्या. मी गेले. पस्तिसाव्याला माझ्या शेजारी एक बाई आली. जांभळं जॅकेट, माझ्याच वयाची. ग्रुपमध्ये मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात घडी केलेलं कोरं दुपटं होतं. सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती, तिच्या येत नव्हती.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"आमच्या छकुलीचं."

"कुठाय ती?"

"ही काय, पुढे पळतेय." तिला जराही धाप लागली नव्हती. "तुम्ही दमलात का हो? बसा की थोडं."

मी बसले नाही. चाळिसाव्याच्या पुढे मला शाल्मली पहिल्यांदा पळताना दिसली. पाठ ताठ, कोपर अंगाशी, मानेवर लाळेऱ्याची गाठ. ती सुंदर पळत होती. मी तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. बाई अर्धं पाऊल मागे होती, मग बरोबरीला आली. धुकं इतकं दाट झालं की रस्ता संपून नुसता पांढरा रंग उरला. कुठेतरी टाळ्या वाजत होत्या. पुढे की मागे, सांगता येत नव्हतं.

हातभर अंतरावर शाल्मली थांबली आणि तिने दोन्ही हात वर केले.

रेषा ओलांडली की पळणारे असेच हात वर करतात. कडेवर यायचं असलं की तीही असेच करते.

मी खाली पाहिलं. रस्ता दिसत नव्हता, रेषा दिसत नव्हती, माझे पायही दिसत नव्हते. शेजारी बाईने दुपटं झटकून उघडलं.